घरच्या सायकल दुरुस्तीसाठी कोणती अवजारे खरोखर हाताशी लागतात?

मंदगती

नमस्कार. आमच्याकडे दोन सायकली आहेत. एक गिअरची, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेली; दुसरी जुन्या घडणीची, बिनगिअरची, जड पण दणकट. पंक्चर काढणे, ब्रेक आवळणे, चेनला तेल देणे एवढी कामे मी स्वतः करतो. आता केबल बदलणे, चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बदलणे, जमल्यास चाकाचा थोडाफार आउट (डगमग) काढणे, इथपर्यंत जाण्याची इच्छा आहे.

अडचण अवजारांची आहे. मला सायकलसाठीच्या अवजारांची एक तयार पेटी भेट मिळाली आहे. त्यातल्या निम्म्या वस्तू कशासाठी आहेत हे मला उमगत नाही, आणि ज्या उमगतात त्यांतल्या काही आताच दगा देऊ लागल्या आहेत. पाच मि.मी.च्या ॲलन कीच्या कडा गोल होत चालल्या आहेत, आणि पंधराचा पाना पायडलवर नीट न बसता घसरतो. त्यामुळे पुन्हा एखादी मोठी पेटी घेण्याऐवजी एकेक अवजार पारखून घ्यावे असे वाटते.

जंत्री नको, जंत्र्या पुष्कळ सापडतात. तुमचा हात वारंवार ज्या अवजाराकडे जातो ते कोणते आणि का, तसेच हौसेने घेतलेले कोणते अवजार धूळ खात पडले आहे, हे वाचायला आवडेल. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळण्यासाठीचा) आणि दुरुस्तीचा स्टँड या दोन गोष्टी खरोखर आवश्यक आहेत का, हेही कृपया सांगावे.


कानसवाला

तुमचा विचार योग्य दिशेने चालला आहे. पेटीतल्या अवजारांची संख्या आणि त्यांचा उपयोग यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. समोर जे काम आले आहे त्याला लागणारे अवजार त्या वेळी, परवडेल तितके चांगले घ्यावे. वर्षभरात जो संच जमतो तो तुमच्या सायकलीच्या मापाचा असतो.

पहिला पैसा मात्र ॲलन कीवरच घालावा. आजच्या सायकलीवरचे बहुतेक बोल्ट 4, 5 आणि 6 मि.मी.चे असतात, त्यातही पाचचा वापर सर्वांत जास्त. बारीक स्क्रूंसाठी 2, 2.5 आणि 3, तर क्रँकच्या (पायडल ज्याला बसते त्या दांड्याच्या) मोठ्या बोल्टसाठी व काही पायडलींसाठी 8 लागते. ही अवजारे साधी दिसतात म्हणून लोक त्यांत काटकसर करतात आणि तिथेच फसतात. मऊ पोलादाच्या कीच्या कडा झिजल्या की ती बोल्टच्या षट्कोनात किंचित फिरते, आणि ते किंचित फिरणेच बोल्टचे कोपरे खाऊन टाकते. की बदलता येते, पण गोल झालेला बोल्ट बाहेर काढणे हा अर्ध्या दिवसाचा उद्योग होऊन बसतो. तुमच्या पाचच्या कीच्या कडा गोल झाल्या असतील, तर ती आजच बाजूला ठेवा.

आणखी एक पाहून घ्या. तयार पेट्यांमध्ये कधी कधी इंची मापाच्या की मिसळलेल्या असतात. 3/16 इंचाची की म्हणजे 4.76 मि.मी.; ती पाचच्या बोल्टमध्ये जाते, काम होईल असा भास निर्माण करते आणि जोर लावला की घसरते. कीवर कोरलेले माप भिंगाखाली वाचायला लागले तरी वाचावे.

की कशी वापरावी याबद्दल थोडेसे. बोल्टच्या खाचेत चिखल, जुने ग्रीस किंवा रंगाचा थर भरलेला असतो, त्यामुळे की पूर्ण आत जात नाही आणि फक्त तोंडाशी पकड घेते. मी आधी एका बारीक टोच्याने खाचेतली घाण उकरून काढतो, मग की तळाला टेकेपर्यंत दाबतो, आणि तेव्हाच फिरवतो. लांब बाजूच्या टोकाला जो गोळा असतो तो तिरक्या कोनातून बोल्ट भरभर फिरवण्यासाठी आहे. घट्ट बोल्ट त्या गोळ्याने सोडवायला जाऊ नये, कारण त्याची पकड अगदी अरुंद पट्ट्यावर असते; तिथे आखूड, सपाट बाजू बोल्टमध्ये घालावी आणि लांब बाजूला हात लावावा. वेरा कंपनीच्या काही कीचा छेद असा घडवलेला असतो की जोर कोपऱ्यांऐवजी त्यांच्या बाजूच्या सपाट भागावर येतो. कोपरे थोडे खाल्ले गेलेल्या बोल्टवरही त्या बऱ्यापैकी पकड घेतात, असा माझा अनुभव आहे.

माझे दुसरे आवडते अवजार तुम्ही लवकरच करणार आहात त्याच कामाचे आहे, म्हणजे केबल कापण्याचे खास कटर. साध्या पकडीने किंवा तारा तोडण्याच्या कटरने केबल कापली तर ती चपटी होते, तिच्या तारा विस्कटतात, आणि अशी पिंजारलेली केबल नव्या आउटरमधून (केबलवरच्या आवरणातून) जाता जात नाही. केबल कटरचे जबडे वक्र असतात. ते केबलला चारी बाजूंनी वेढून कापतात, त्यामुळे टोक गोल राहते. आउटर कापल्यावर त्याच्या आतली प्लास्टिकची नळी दबून बंद झालेली असते. टोच्या घालून तिचे तोंड पुन्हा गोल करावे, आउटरचे टोक बारीक कानसेने सपाट घासावे, आणि मगच टोपी बसवावी. नवी केबल घातल्यावरही गिअर नीट पडत नसतील, तर मी सर्वांत आधी हीच टोके तपासतो.

गिअरचे आणि ब्रेकचे आउटर वेगळे असतात. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये त्या मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात. गिअरचे आउटर ब्रेकला लावले तर जोरात ब्रेक दाबताना ते फुटू शकते. तुमच्या गिअरच्या सायकलीला हायड्रॉलिक ब्रेक आहेत, त्यामुळे तिथे हा प्रश्न येणार नाही. दुसऱ्या सायकलीला केबलचे ब्रेक असतील तर मात्र लक्षात ठेवावे.

धूळ खात पडलेले विचाराल, तर ब्रेकची केबल ताणून धरणारा चिमटा. ते काम साधी पकड आणि दुसऱ्या हाताचा अंगठा यांनी होते.


बारा_दाते

कानसवाला यांच्याशी सहमत आहे, पण त्यांनी मापनाच्या अवजारांचा उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटले. पाना कामाच्या वेळी लागतो. काम कधी करायचे हे सांगणारे अवजार मात्र त्याआधी लागते. गिअरच्या सायकलीत ते अवजार म्हणजे चेन मोजण्याची पट्टी.

चेनच्या प्लेटा ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजतात, आणि प्रत्येक सांध्यातली ती बारीक झीज एकत्र होऊन चेन लांब होते. लांब झालेली चेन कॅसेटच्या दात्यांवर नीट बसत नाही, दाते तिच्या मापाने झिजू लागतात, आणि मग नवी चेन टाकली तरी ती जुन्या दात्यांवरून उडते. वेळेवर चेन बदलली तर एक कॅसेट अनेक चेन पाहते. चालढकल केली तर दोन्ही एकदम जातात, आणि पुढची दातेरी चकतीही त्याच वाटेने जाऊ लागते.

मोजण्यासाठी विकतच्या अवजाराची गरज असतेच असे नाही. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मि.मी. असते. त्यामुळे एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवला, तर तिथून चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. चेन सायकलीवरच असू द्यावी, पायडल हलके दाबून ती ताणलेली ठेवावी आणि पोलादी पट्टी वापरावी, कारण प्लास्टिकच्या पट्टीचे आकडे अनेकदा भरवशाचे नसतात. ती पिन 12 इंचांच्या रेषेपुढे 1/16 इंच गेली असेल, तर झीज साधारण अर्धा टक्का झाली. अकरा किंवा बारा गिअरच्या चेनसाठी तेवढे पुरे, ती बदलावी. नऊ-दहा गिअरच्या चेनला पाऊण टक्क्यापर्यंत, आणि बिनगिअरच्या जाड चेनला एक टक्क्यापर्यंत चालवून घेता येते.

खास गेजचा फायदा असा की मोजणी काही क्षणांत होते, त्यामुळे ती होते. पट्टी शोधावी लागली की माणूस पुढच्या आठवड्यावर टाकतो. घ्यायचेच असेल, तर तीन ठिकाणी टेकणारे गेज घ्यावे. दोन टोकांनी मोजणारी साधी गेजे चेनच्या रोलरमधली मोकळीकही झीज म्हणून धरतात आणि चेन असेल त्याहून जास्त झिजल्याचे दाखवतात. शिमानोचे टीएल-सीएन 42 आणि पार्क टूलचे सीसी-4 ही तीन टेकूंची आहेत.

चेन काढण्या-घालण्यासाठी क्विक लिंकची (चेनच्या उघडता येणाऱ्या कडीची) पक्कड घ्या. बारीक चेनची क्विक लिंक बोटांनी उघडत नाही, आणि पेचकस घालून उचकटली तर प्लेट वाकते. काही कंपन्या आपल्या क्विक लिंक एकदाच वापराव्यात असे स्पष्ट सांगतात, तेव्हा पाकिटावरचा मजकूर वाचून मगच जुनी लिंक पुन्हा लावावी.


आउटकाढ्या

टॉर्क पान्याबद्दल माझे मत थोडे परखड आहे. कार्बनची फ्रेम, कार्बनचे हँडल किंवा कार्बनचा सीटपोस्ट असेल, तर टॉर्क पाना आधी घ्या आणि बाकीचे नंतर. ॲल्युमिनियमची सायकल असेल, तर वर्षभर त्याच्यावाचून अडत नाही, पण शिकण्याच्या काळात त्याचा एक उपयोग मोठा आहे. 5 न्यूटन-मीटर म्हणजे हाताला नेमके किती जाणवते, हे त्याच्यामुळे कळते. बहुतेक नवखे लोक हँडलच्या स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या भागाचे) छोटे बोल्ट गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आवळतात आणि क्रँकचे किंवा कॅसेटचे मोठे सांधे गरजेपेक्षा सैल ठेवतात. म्हणजे चूक दोन्ही टोकांना होते.

आकडेच पाहा. स्टेमच्या बोल्टवर साधारण 4 ते 6 न्यूटन-मीटर लिहिलेले असते. पोकळ आसाच्या शिमानो क्रँकच्या डाव्या बाजूचे दोन बोल्ट 12 ते 14 मागतात. कॅसेटच्या लॉकरिंगला (ती जागी धरणाऱ्या कड्याला) 40 लागतात, आणि बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या) कपांना 35 ते 50. एकच टॉर्क पाना हे दोन्ही पल्ले नीट सांभाळू शकत नाही. मोठा पाना 5 न्यूटन-मीटरवर विश्वासार्ह नसतो आणि छोटा 40 पर्यंत पोहोचतच नाही. म्हणून घेताना छोटा घ्यावा. 40 हा आकडा हाताच्या अंदाजाने गाठता येतो: 20 सें.मी. लांब दांड्याच्या टोकाला सुमारे 20 किलोचा भार म्हणजे जवळजवळ तेवढाच टॉर्क होतो.

टॉर्क पान्याने बोल्ट सोडवू नये, काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवावा, आणि टक असा आवाज आल्यावर "आणखी एकदा" म्हणून पुन्हा ओढू नये. हा शेवटचा मोह कुणालाच आवरत नाही.

आता आउट काढण्याबद्दल, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. आऱ्यांच्या निपलची (आरीच्या रिमकडच्या टोकावरच्या नटाची) किल्ली विकत घेताना माप नक्की करा. सर्वसाधारणपणे 3.23, 3.30 आणि 3.45 मि.मी. अशी तीन मापे आढळतात. फरक केसाएवढा आहे, पण एक माप मोठी किल्ली पितळी निपलचे कोपरे दोन-तीन वळणांत गोल करते. अनेक तोंडांची जी चकती तयार पेटीत येते, ती या कामासाठी वापरू नका. तिची पकड निपलच्या दोनच बाजूंवर असते आणि मापेही ढिली असतात. एकाच मापाची, निपलला तीन किंवा चार बाजूंनी धरणारी किल्ली घ्या.

चाक सरळ करण्याचा स्टँड सुरुवातीला नको. सायकल उलटी न करता टांगा, आणि फोर्कच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा एकेक केबल टाय घट्ट बांधून त्यांची टोके रिमपासून एक मि.मी.वर येतील अशी कापा. चाक हळू फिरवले की रिम जिथे बाहेर येते तिथे टाय खरखरतो. रिम उजवीकडे जात असेल तर त्या जागच्या, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) डाव्या बाजूने येणाऱ्या आऱ्या पाव वळण आवळाव्यात आणि उजव्या बाजूच्या पाव वळण सैल कराव्यात. पाव वळणाहून जास्त एका वेळी नको. निपल आवळण्याची दिशा टायरच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्याची असते. हबच्या बाजूने पाहिल्यास ती उलटी दिसते, आणि नवशिका माणूस नेमका हबच्या बाजूने पाहत असतो. निपल गंजून आरीला चिकटले असेल, तर आधी तेलाचा एक थेंब सोडून थांबावे. आरी निपलबरोबर पिळली जात आहे असे दिसले, तर त्याच क्षणी हात थांबवावा.

तुमच्या पायडलच्या पान्याबद्दल कुणी तरी लिहीलच.


उलटे_आटे

मी लिहितो. पायडलच्या आसावरच्या चपट्या बाजू अरुंद असतात, त्यामुळे साधा जाड पाना तिथे क्रँकवर अडकतो किंवा अर्धवट बसतो. पायडलचा पाना पातळ आणि लांब असतो, आणि लांबीच त्याचे खरे बळ आहे. तोंडाने मोठा झालेला पाना तिथे वापरत राहिलात तर पायडलच जाईल.

दिशा लक्षात ठेवण्याची एक सोपी रीत आहे. डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे सर्वांना ऐकून माहीत असते, पण पाना हातात आला की गोंधळ होतो. पाना पायडलच्या वरच्या अंगाला उभा धरावा आणि सायकलीच्या मागच्या चाकाकडे ओढावा: दोन्ही बाजूंची पायडले अशीच सुटतात. पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही आवळली जातात. सोडवण्यापूर्वी चेन पुढच्या सर्वांत मोठ्या चकतीवर घ्यावी, म्हणजे पाना एकदम सुटला तरी बोटांच्या पेरांखाली उघडे दाते येत नाहीत.

उलटे आटे का, हेही मजेशीर आहे. बेअरिंगमधल्या घर्षणाचा विचार केला तर पायडल फिरताना आस सुटायला हवा असे वाटते. प्रत्यक्षात पायाचा भार आसाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर फिरत राहतो, आणि आट्यांतल्या सूक्ष्म मोकळिकीमुळे आस त्या भाराच्या उलट दिशेने किंचित किंचित सरकत जातो. हा परिणाम बेअरिंगच्या घर्षणापेक्षा बलवान ठरतो, म्हणून दोन्ही बाजूंचे आटे त्याच्या हिशेबाने ठेवलेले असतात. पायडल इतकी घट्ट का बसते, याचे उत्तरही त्यातच आहे. लावताना आट्यांना ग्रीस लावणे हाच पुढच्या वेळचा त्रास टाळण्याचा उपाय.

तुमच्या जुन्या सायकलीला क्रँक कॉटर पिनेने (पाचरीसारख्या खिळीने) बसवलेली असेल, तर तिथे ॲलन कीचे काहीच काम नाही. कॉटर काढताना नट पूर्ण काढू नये; तो आट्यांच्या टोकाशी जुळेल इतका सैल करून ठेवावा, म्हणजे हातोडीचा घाव आट्यांवर न बसता नटावर बसतो. क्रँकच्या खाली भक्कम टेकू द्यावा. टेकू नसेल तर प्रत्येक घाव बॉटम ब्रॅकेटच्या छर्ऱ्यांवर जातो, आणि छर्रे ज्या वाटीत फिरतात तिच्यावर खड्डे पडतात. कॉटर दाबून काढणारा प्रेस मिळाला तर हातोडीला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

अशा सायकलीसाठी माझे आवडते अवजार म्हणजे हबच्या कोनांचे (छर्रे जागी धरणाऱ्या नटांचे) पातळ पाने. पुढच्या हबला बहुधा 13 आणि मागच्याला 15 मि.मी. लागतो. साधा पाना कोन आणि लॉकनट यांच्यामधल्या फटीत शिरतच नाही. एक पातळ पाना कोनावर, दुसरा पाना लॉकनटवर, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आवळायचे. आणि मग चाक बोटांनी फिरवून पाहायचे की आस खरखरीत लागतो की बाजूला हलतो. खरखर म्हणजे जास्त आवळले, हलणे म्हणजे सैल. दोन्हींच्या मधली जागा सापडेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि त्यात चिडण्यासारखे काही नाही. छर्रे बदलताना पुढच्या हबमध्ये बहुधा 3/16 इंचाचे आणि मागच्या हबमध्ये 1/4 इंचाचे लागतात. दोन्ही हब एकाच वेळी उघडू नयेत, आणि खाली पांढरे कापड पसरावे. घरंगळलेला छर्रा काळ्या चटईवर सापडत नाही.


मंदगती

सर्वांचे मनापासून आभार. पायडल सुटले. पान्याऐवजी मागच्या बाजूने 8 मि.मी.ची ॲलन की लावता येते हे माझ्या लक्षातच आले नव्हते. चेन मोठ्या चकतीवर घेण्याची सूचनाही वेळेवर मिळाली. चेन पट्टीने मोजली, तर चोविसावी पिन रेषेच्या पुढे 1/16 इंचाहून जरा जास्तच आहे, आणि मागे अकरा गिअर आहेत. म्हणजे चेन बदलणे आले.

अजून दोन शंका आहेत. स्टँडबद्दल फारसे कुणी लिहिले नाही. आणि पेटीत टी25 असे कोरलेली, चांदणीसारख्या तोंडाची एक की आहे. ती कशासाठी?


सावकाश_चला

स्टँडबद्दल. माझ्या घरातले सर्वांत महाग आणि सर्वांत आवडते सायकलीचे अवजार तेच आहे, तरी मी तुम्हाला ते आज घ्या असे म्हणणार नाही. गिअर लावताना एका हाताने पायडल फिरवून दुसऱ्याने स्क्रू हलवावा लागतो, आणि त्यासाठी मागचे चाक जमिनीवरून उचललेले असले की पुरे. छताच्या कडीला किंवा भक्कम आडव्या दांड्याला दोर बांधून सीटचे टोक त्यात अडकवले तरी भागते. सायकल उलटी करण्याची सवय मात्र सोडा. गिअर आणि ब्रेकचे लिव्हर जमिनीवर घासतात, आणि हायड्रॉलिक ब्रेकच्या टाकीत थोडी हवा असेल तर ती नळीत उतरून ब्रेक पोकळ लागतो.

स्टँड घेतलाच, तर पकड सीटपोस्टवर लावावी. फ्रेमच्या पातळ नळ्यांवर, विशेषतः कार्बनच्या, जबडा आवळू नये.

माझ्या मते या सगळ्या चर्चेत खरा मानकरी अवजार राहूनच गेले: दाब दाखवणारा, उभा राहून वापरायचा पंप. बाकीची अवजारे महिन्यातून एकदा बाहेर निघतात, पंप दर आठवड्याला लागतो. ट्यूबमधून हवा सतत थोडी थोडी झिरपत असते, आणि टायर अंगठ्याने दाबून केलेला अंदाज जाड टायरवर हमखास चुकतो. दाब कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. पंप घेताना तुमच्या दोन्ही सायकलींचे व्हॉल्व्ह पाहून घ्या: बारीक प्रेस्टा, मोटारीसारखा श्रेडर, की जुन्या सायकलींवरचा डनलॉप. प्रेस्टाचे टोक आधी सैल करून, एकदा बोटाने दाबून मगच पंपाचे तोंड लावावे, नाही तर हवा आत जात नाही आणि दोष पंपाला दिला जातो.


कानसवाला

टी25 चे उत्तर देतो. डिस्क ब्रेकची चकती सहा बोल्टांची असेल तर ते बोल्ट बहुधा टी25 चे असतात, आणि काही ठिकाणी पुढच्या दातेरी चकत्यांचे बोल्टही तसेच असतात. चांदणीच्या तोंडाची की षट्कोनी कीपेक्षा चांगली पकड घेते, पण तिच्या खाचा उथळ असतात, त्यामुळे स्वच्छ करून घट्ट दाबूनच फिरवावी. त्या बोल्टवर कारखान्यात आटे पक्के धरणारा द्राव लावलेला असतो, म्हणून सुटताना ते सुरुवातीला चर्रकन आवाज करतात; घाबरू नये. परत लावताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत, चकतीवर कोरलेला टॉर्क पाळावा. चकती मध्यभागी एकाच मोठ्या लॉकरिंगने बसवलेली असेल, तर टी25 चा तिथे काही उपयोग नाही. तिला 40 न्यूटन-मीटर लागतात, आणि बऱ्याच चकत्यांना कॅसेटचेच अवजार चालते.

जाता जाता गिअरच्या स्क्रूबद्दलही सांगतो. डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या) सीमा ठरवणारे जे अधिक चिन्हाचे छोटे स्क्रू असतात, ते शिमानोच्या भागांवर जपानी जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स पेचकस त्यांत वरवर बसतो, फिरवताना उसळून बाहेर येतो आणि स्क्रूचे तोंड चिंबवतो. जेआयएस पेचकस एकच घ्यावा. तो फिलिप्सच्या स्क्रूंनाही बऱ्यापैकी चालतो, उलट मात्र होत नाही.


बारा_दाते

चेनबरोबर कॅसेटही काढणार असाल तर दोन अवजारे लागतील: लॉकरिंगच्या खाचांत बसणारा सॉकेट, आणि कॅसेट फिरू नये म्हणून चेनचा तुकडा जोडलेला दांडा. सोडवताना आणि आवळताना या दांड्याचे काम सारखे नसते. सोडवताना तो लावावाच लागतो, कारण नाही तर फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) मोकळा फिरतो. आवळताना फ्रीहब स्वतःच अडतो, तेव्हा दांडा बाजूला ठेवावा. लॉकरिंग सुटताना आणि बसताना करकर आवाज येतो तो तिच्या खालच्या दातऱ्यांचा.

नव्या चेनला कारखान्यातून जे ग्रीस लावलेले असते ते धुऊन टाकण्याची घाई करू नका. फक्त बाहेरून कोरड्या कापडाने पुसा, कारण आत पिनेभोवती जे आहे तेच सर्वांत चांगले आहे. पुढे तेल द्याल तेव्हा प्रत्येक रोलरवर एक थेंब द्या, थोडा वेळ पायडल फिरवा, आणि बाहेरचे सगळे पुसून काढा. बाहेर राहिलेले तेल धुळीशिवाय दुसरे काही पकडत नाही.


आउटकाढ्या

डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीजवळ फवाऱ्याचे तेल घेऊन जाऊ नका, एवढे वर राहिले म्हणून लिहितो. डब्ल्यूडी-40 चे मूळ मिश्रण ओल हटवण्यासाठी आणि गंजलेला बोल्ट सैल करण्यासाठी उत्तम आहे, पण चेनवर ते टिकत नाही, आणि त्याचा तुषार चकतीवर बसला तर ब्रेक किंचाळतो व पकड जाते. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडाने पुसता येते. ब्रेकचे पॅड तेल पिऊन बसले असतील तर बहुधा बदलावेच लागतात. ब्रेकमध्ये भरायचा द्रवही दोन जातींचा असतो, खनिज तेल किंवा डॉट. लिव्हरवर जे लिहिले असेल तेच घालावे, कारण एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरे फुगून ब्रेक निकामी होतो.

आणि चाक काढले की ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नये, कारण मध्ये चकती नसल्याने पॅड एकमेकांना चिकटतात. चाक काढल्याबरोबर पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा एखादा जाड तुकडा सरकवून ठेवावा. तरीही दाबला गेलाच, तर पेचकस न घालता टायर काढण्याचा प्लास्टिकचा लिव्हर सपाट धरून पॅड हळूहळू मागे ढकलावेत. लोखंडी अवजाराने पॅडचा पृष्ठभाग चरा पडून खराब होतो, आणि पॅड काढलेले असताना थेट पिस्टनला ते टेकले तर त्याचा सिरॅमिकचा काठ तुटू शकतो.